पळून गेलेल्या डोजची भूमिका

मंडळाच्या वार्षिक सभेला मी गेलो नाही, म्हणून मंडळाचा अध्यक्ष झालो. मिल्टन कीन्समधल्या आमच्या मराठी मंडळाची ही जुनी पद्धत होती. सभेला आलेला प्रत्येक जण उठून आपल्याला यंदा का जमणार नाही ते सांगायचा. कुणाचं प्रोजेक्ट गो-लाइव्हला आलेलं, कुणाच्या बायकोला दिवस गेलेले, कुणाचा गुडघा. जो आलेलाच नसे त्याला काही सांगता येत नसे, मग टाळ्या वाजवून त्यालाच निवडायचे. हे सगळं मला पक्कं ठाऊक होतं. आधीच्या वर्षी एका बिचाऱ्यासाठी सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या होत्या. तरी त्या रविवारी मी सोफ्यावर लोळत राहिलो, आणि संध्याकाळी फोनवर कुणीतरी "अभिनंदन, अध्यक्षमहाराज!" म्हणालं तेव्हा माझा नुसता संताप झाला.

मी तसाही पटकन चिडतो. नागपूरचं ऊन डोक्यात साठवून इंग्लंडला आलेला माणूस, असं माझी पुण्याची बायको माझी ओळख करून देते. मी लगेच डॉक्टरकाकांना फोन लावला. मंडळ त्यांनीच स्थापन केलेलं. हाडांचे डॉक्टर म्हणून उभी हयात इंग्लंडात काढून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटेच राहणारे, पण आवाज अजून सभा भरवेल असा.

"काका, मला नाही जमणार. मी राजीनामा देतो."

"आपल्या घटनेत राजीनाम्याचं कलम नाही."

"मग घाला ना."

"घटनादुरुस्ती फक्त वार्षिक सभेत होते. पुढच्या वर्षी ये हो नक्की," असं म्हणून ते मनापासून हसले.

अध्यक्ष झालो तेव्हा कळलं की गणपतीतलं नाटकही माझ्याच गळ्यात आहे. ते नाटक काकांनीच लिहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते कोचने युरोप फिरायला गेले आणि व्हेनिस पाहून आले. बाकीचे लोक तिथून काचेचे मासे घेऊन येतात, काका डोक्यात एक डोज घेऊन आले. मग लायब्ररीतली पुस्तकं वाचून त्यांनी मराठीत तीन अंक लिहून काढले. मुख्य भूमिका करणारा मित्र ऐन वेळी सिंगापूरला बदलून गेला. रिकामी जागा अध्यक्षाने भरायची, असं काकांनी जाहीर केलं. हे कलम घटनेत होतं की नाही कोण जाणे, पण डोज मीच झालो.

डोज म्हणजे व्हेनिसचा सर्वोच्च माणूस, पण राजा नव्हे. राजा जन्माने होतो, डोजला निवडत. त्या निवडणुकीचं वर्णन काकांनी पहिल्याच तालमीत केलं. आधी चिठ्ठ्या टाकून काही लोक काढायचे, त्यांतले पुन्हा चिठ्ठ्यांनी कमी करायचे, उरलेल्यांनी नवे लोक निवडायचे, त्यांतले पुन्हा कमी करायचे, असं करत करत शेवटी जे उरतील त्यांनी डोज निवडायचा. कुणी वशिला लावू नये म्हणून हा सगळा खटाटोप. "आपल्यापेक्षा बरीच सुधारलेली पद्धत," मी म्हणालो. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

आणि एकदा निवडला की त्याला बांधून टाकायचे. गादीवर बसताना त्याला एक लांबलचक शपथ घ्यावी लागे. परदेशातून आलेली पत्रं त्याने एकट्याने उघडायची नाहीत. परक्या राज्यांच्या वकिलांशी एकट्याने बोलायचं नाही. भेटी घ्यायच्या नाहीत, फुलं आणि गुलाबपाणी तेवढं चालेल. मुलांना सरकारात मोठ्या जागा मिळणार नाहीत. परवानगीशिवाय शहराबाहेर पाऊल टाकायचं नाही. मेल्यावरसुद्धा सुटका नाही, तपासनीस बसून त्याच्या कारभाराची चौकशी करणार आणि चूक सापडली तर वारसांकडून दंड घेणार. टोपी मात्र सुरेख, मागे शिंगासारखं टोक असलेली. बायकोने चॅरिटी शॉपमधून लाल मखमलीचा पडदा आणून ती शिवली. माझी सात वर्षांची मुलगी ती घालून आरशापुढून हलेना. तिचं मराठी इंग्लंडात वाढलेलं.

"बाबा, हा टोपी घातला की तू किंग होतोस?"

"नाही गं. टोपी घातली की बाहेर जाता येत नाही."

"दॅट्स अ रबिश टोपी," ती म्हणाली आणि काढून ठेवली.

काकांना आवडलेला डोज या सगळ्यांत वेगळा होता. त्याला डोज व्हायचंच नव्हतं. निवडणुकीत आपलं नाव येतंय असं दिसल्यावर तो गावाबाहेर, पादुआकडच्या आपल्या शेतीवर निघून गेला. सीरियातल्या कुणा ज्योतिष्याने त्याला म्हणे सांगितलं होतं की तू डोज झालास तर शहरावर मोठं संकट येईल. सरकारने माणसं पाठवली. त्यांनी त्याला बेड्या घातल्या नाहीत की मारहाण केली नाही. नुसता निरोप दिला: परत ये, नाहीतर तुला देशद्रोही ठरवू आणि तुझं होतं नव्हतं ते जप्त करू. आणि तो परत आला. आमच्या नाटकाचा पहिला अंक तिथे संपायचा.

मला हे नाटक आवडत नव्हतं, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो. खरं म्हणजे ते मला फार जवळचं वाटायला लागलं होतं आणि त्याचाच राग येत होता. मी इंग्लंडला वर्क परमिटवर आलो होतो. ज्या कंपनीने आणलं तिच्यातच राहायचं, दुसरीकडे जायचं तर पुन्हा परवानगी. चार वर्षं अशी काढली की कायमचं राहायला मिळणार होतं. मी चौथ्या वर्षाच्या शेवटाला टेकलो होतो, तेवढ्यात सरकारने चाराची पाच वर्षं केली. परमिट चाराचंच होतं, तेव्हा उरलेल्या वर्षासाठी मुदतवाढीचा अर्ज करावा लागला. अर्जाबरोबर तिघांचे पासपोर्ट जमा करायचे आणि निकाल येईपर्यंत वाट पाहायची. ऑफिसातल्या आम्हा सगळ्या देशी लोकांचे पासपोर्ट त्या उन्हाळ्यात असेच कुठल्या तरी कपाटात पडले होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही एकमेकांना "आला का?" एवढंच विचारायचो.

ऑगस्टमध्ये नागपूरहून ताईचा फोन आला. बाबांना पक्षाघाताचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा जवळजवळ गेली होती.

"जिवाला धोका नाही म्हणतात सध्या, पण दुसरा झटका आला तर सांगता येत नाही म्हणे," ताई म्हणाली. "तू कधी येऊन राहिला?"

"पासपोर्ट जमा आहे, ताई."

"मग मागून घे ना. तुझाच आहे ना तो?"

तिला समजावता समजावता कॉलिंग कार्ड संपलं. पासपोर्ट माझाच होता, पण तो मागितला की अर्ज मागे घेतला असं धरणार होते. वकिलाला विचारलं तर त्याने अगदी गोड आवाजात सांगितलं की तसं केलंत तर तुमची मुदत संपलेलीच आहे, तिघांनाही देश सोडावा लागेल, आणि परत यायचं झालं तर पहिल्या दिवसापासून सुरुवात. निकाल कधी येईल? ते सांगता येत नाही. चार आठवडे, चार महिने. मी त्याच्यावर खेकसलो. तो शांतपणे म्हणाला की पुष्कळ लोक खेकसतात.

म्हणजे मी थांबलो तर बाबा भेटतील की नाही कुणास ठाऊक, आणि गेलो तर आमचं इथलं सगळं गेलं. बायकोला लॅबमध्ये नुकतीच कायमची नोकरी लागली होती. तिसऱ्या खेपेला तिने ड्रायव्हिंग टेस्ट पास केली होती आणि त्या आनंदात आम्ही अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. मुलीची शाळा, तिच्या मैत्रिणी, तिचं स्विमिंग. मी रोज ऑफिसला जात होतो, रविवारी तालमीला जात होतो. मिल्टन कीन्समध्ये रस्ते चुकणं अवघड आहे, सगळे सरळ आणि दर थोड्या अंतरावर एक राउंडअबाउट. त्या दिवसांत एखाद्या राउंडअबाउटवर मी उगाच दोनदोनदा फिरायचो. कुठल्याही एक्झिटला गाडी घालावीशी वाटायची नाही.

बाबा फोनवर कधीच फारसे बोलायचे नाहीत. वीज मंडळात कारकुनी केलेला माणूस, ट्रंक कॉलच्या काळातला. फोनवर "बरं आहे ना? मग ठेव, बिल वाढतं," एवढंच. बिल माझं वाढायचं, तरी ते त्यांचा जीव खायचं. झटक्यानंतर आठवड्याभराने ताईने फोन त्यांच्या कानाशी धरला.

"बोल रे, ऐकून राहिले ते."

मी म्हणालो, "बाबा, इकडे आज छान ऊन पडलंय." पलीकडून एक आवाज आला. त्याला शब्द म्हणता येणार नाही. पण त्यांनी ठेव म्हटलं नाही हे मला कळलं. मी बोलत राहिलो, टोमॅटोच्या कुंड्यांबद्दल, नातीच्या पडलेल्या दातांबद्दल, नाटकाबद्दल. मधेमधे तो आवाज यायचा. कार्ड संपेपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना बिलाची पर्वा नव्हती, आणि मी ढसाढसा रडलो.

त्या रविवारी शाळेच्या हॉलमध्ये काका पहिल्या अंकाचा शेवट बसवत होते. शेतावर डोज वेली छाटतोय, सरकारचे दूत येतात, निरोप देतात. मग डोजने कात्री खाली ठेवायची आणि म्हणायचं, "चला, मी येतो." एवढंच वाक्य. दूत झालेल्या, सॉफ्टवेअर टेस्टिंग करणाऱ्या मित्राने निरोप घडाघडा म्हटला आणि मी कात्री हातातच धरून ठेवली.

"चला, मी येतो," काकांनी कोपऱ्यातून आठवण करून दिली.

"माहिती आहे मला वाक्य," मी ओरडलो. "पण का येतो हा? पकडून नेत नाहीत, काही नाही. नुसती धमकी. म्हण ना, घ्या जमीन, घ्या घर, मी नाही येत!"

"इतिहासात तो परत जातो," काका म्हणाले. "मी काय करू त्याला?"

"पण का?"

"मुलंबाळं असतील. आणि त्याला वाटलं असेल, थोडे दिवस काढू आणि मग सुटू. सगळ्यांना तसंच वाटतं." मग ते म्हणाले, "आणि काम वाईट केलं नाही रे त्याने. दुसरा अंक वाच नीट."

दुसरा अंक युद्धाचा होता. ज्योतिष्याचं खरं झालं होतं. जेनोआच्या आरमाराने अगदी तोंडाशी येऊन शेजारचं किओजा बेट घेतलं, शहरात अन्नाची टंचाई झाली. सत्तरी ओलांडलेला हा डोज स्वतः गलबतावर चढला आणि किओजा परत घेतल्याशिवाय घरी पाऊल ठेवणार नाही असं त्याने जाहीर केलं. अख्खा हिवाळा म्हाताऱ्याने पाण्यावर काढला. शेवटी जिंकूनच परतला, सोन्याच्या नावेतून, वाजतगाजत. काकांना हा प्रसंग फार प्रिय होता. मला मात्र तो वाचताना एवढंच दिसलं की शहराबाहेर पडायला मिळालं तेही शहराच्या कामासाठी, शहर डोळ्यांसमोर ठेवून. दोनेक वर्षांनी तो मेला, तेव्हाही डोजच होता. वेली पुन्हा छाटल्या की नाही याची काकांच्या पुस्तकांत कुठे नोंद नव्हती.

तालीम संपल्यावर बायको गाडी चालवत होती. ती हॉलमध्ये चहा द्यायला आली होती आणि तिने माझा तमाशा पाहिला होता.

"किती दिवस चालणार आहे हे?" तिने विचारलं.

"नाटक?"

"नाटकच. वकिलाला चारदा विचारलंस. मॅनेजरला विचारलंस. ताईंना रोज समजावतोस. काल माझ्या आईलाही विचारलंस, तुम्हाला काय वाटतं म्हणून."

"मग तू सांग ना. तुला काय वाटतं?"

"मी नाही सांगणार." तिने गिअर बदलला. "मी जा म्हटलं तर उद्या इथलं सगळं गेलं ते माझ्यामुळे. नको म्हटलं तर बाबा गेले ते माझ्यामुळे. मला तुझी परवानगीची खिडकी व्हायचं नाही. तू जातो म्हण. मी बॅगा भरते. राहतो म्हण. मी रात्रभर तुझ्याजवळ बसेन. पण विचारू नकोस."

मला इतका राग आला की मी काचेतून बाहेर बघत बसलो. रस्त्याकडेच्या रेडवेवरून, इथल्या लाल पायवाटेवरून, एक बाई कुत्रं घेऊन चालली होती. राग बायकोचा नव्हता, तिचं बरोबर होतं याचा होता. घर आलं, तिने गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि ती उतरली नाही. पाठीमागे मुलगी झोपली होती.

"मी जातो," मी म्हणालो.

तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "लायसन्सचा फोटो तरी चांगला आला होता रे," असं काहीतरी ती बोलली, आणि आम्ही दोघंही हसलो आणि रडलो. तिने खरंच दुसऱ्या दिवशी माळ्यावरच्या बॅगा काढल्या.

मी पासपोर्ट मागितले. ते यायला बरेच दिवस लागले आणि त्या दिवसांत ताईचा प्रत्येक फोन मी पहिल्या रिंगलाच उचलायचो. मुलीला सांगितलं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "आजोबाला बरं वाटला की आपण परत येणार?" मी खोटं बोलायचं टाळलं आणि नाही म्हणालो. ती तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तो मी मुकाट्याने सोसला.

निघायच्या आधी टोपी परत द्यायला काकांकडे गेलो. त्यांनी चहा केला, बिस्किटं काढली, माझं बोलणं ऐकून घेतलं.

"राजीनामा मंजूर नाही," ते म्हणाले.

"काका, मी देश सोडून चाललोय."

"ते तू कर. अध्यक्ष सभेपर्यंत तूच. कारभार मी बघतो." त्यांनी टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "डोज मीच करतो आता. वय तरी बरोबर आहे माझं."

मग ते उठून खिडकीशी गेले आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "आमच्या वेळी तार यायची. तार आली तेव्हा माझं ऑपरेशन थिएटर होतं, सकाळच्या पेशंटांची लिस्ट. मी ऑपरेशनं केली आणि मग तार पुन्हा वाचली. आईला अग्नी भावाने दिला." मी त्यांना वाकून नमस्कार केला. एरवी मी कुणाच्या पाया पडत नाही. नंतर मला नाटकाचे फोटो ईमेलने आले. पडद्याच्या टोपीत काका फार रुबाबदार दिसत होते. पुढच्या वार्षिक सभेलाही मी अर्थातच गैरहजर होतो, तेव्हा निकाल काय लागला असेल ते सांगायला नकोच.

नागपूरला पोचलो तेव्हा दुपार होती. पुढच्या खोलीतच बाबांची कॉट लावली होती. आई दारात आली, नातीला पोटाशी धरून आत घेऊन गेली, बायकोही मागोमाग गेली. मी बूट काढून कॉटजवळ स्टुलावर बसलो. बाबा अर्धे झाले होते. दाढी ताईने केलेली, उजव्या गालावर थोडी राहून गेलेली. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. शब्द जुळवायला त्यांना फार कष्ट पडत होते. मी कान तोंडाशी नेला.

"परत... कधी?"

आजवर प्रत्येक सुट्टीला त्यांनी हे विचारलं होतं आणि मी तारीख सांगितली होती. तारीख ऐकली की ते मान हलवायचे आणि कॅलेंडरवर पेनाने गोल करायचे.

"परत नाही जायचं, बाबा," मी म्हणालो. "तिकीट एकाच बाजूचं आहे."

त्यांना कळलं की नाही, आनंद झाला की विलायतेतला मुलगा गेला याचं वाईट वाटलं, मला त्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग त्यांचा डावा हात चादरीखालून निघाला, माझ्या मनगटापर्यंत आला आणि त्याने ते घट्ट धरलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मनगट दुखायला लागलं.

थोड्या वेळाने आई चहा घेऊन आली. "अहो, सोडा त्याला," ती म्हणाली. "लांबून आलाय. हातपाय तरी धुऊ द्या."

बाबांनी सोडलं नाही. मी चहा डाव्या हाताने प्यालो.